बांधावर न पडणारी माणसं मोरीत का पडतात

दिवा-रोहा गाडी नागोठणं सोडून पुढे निघाली की रोह्याच्या आधी निडी लागतं. आषाढात खिडकीतून दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेली खाचरं आणि त्यांच्यामधले बांध दिसतात. लावणीच्या दिवसांत त्या बांधांवरून ये-जा करणाऱ्यांत पासष्टी ओलांडलेल्या बायकाही असतात. बांध दीड-दोन वितींचा, वर लोण्यासारखा चिखल, डोक्यावर रोपांच्या मुठींचं ओझं, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद. पाय घसरतो, पण बाई पडत नाही. कमरेतून जराशी वळते, दुसरा पाय पुढे टाकते आणि मागच्या बाईशी चाललेलं बोलणंही तोडत नाही.

अशीच एखादी बाई शेती सुटल्यावर तीन-चार वर्षांनी घरातल्या मोरीच्या चार बोटं उंच कठड्याला अडखळते आणि खुब्याचं हाड मोडून घेते. घरचे म्हणतात, वय झालं. वय झालेलं असतंच, पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. मधल्या वर्षांत दुसरंही काही घडलेलं असतं. मुलगा धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला लागला, शेत दुसऱ्याला कसायला दिलं किंवा विकलं, घरात फरशी आली, प्लॅस्टिकची खुर्ची आली, आणि सगळ्यांनी मायेनेच सांगितलं, “आये, तू आता बस.” ती बसली. रोज उठून बांधावर जी कसरत व्हायची ती थांबली, आणि तिच्याबरोबर तोल सावरण्याची सवयही गेली.

तोल हा नुसता जन्मजात गुण नाही. शरीर तो रोज वापरून टिकवतं, आणि वापर थांबला की सोडून देतं. मात्र सत्तरीत, ऐंशीतही तो बऱ्यापैकी परत मिळवता येतो. हा लेख त्या परत मिळवण्याबद्दल आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि मरणाऱ्यांत साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. पासष्टीपुढच्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. बहुतेकांना मुका मारच लागतो, त्यामुळे कुणी फारसं बोलत नाही. बोललं की बाहेर जाणं बंद होईल, हीही धास्ती असते.

माणूस उभा असतो तेव्हा तो स्थिर असतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तो सारखा डुलत असतो, फक्त इतकं कमी की दिसत नाही. पोटरी आणि नडगीचे स्नायू त्याला क्षणाक्षणाला मागेपुढे खेचून जाग्यावर आणत असतात. कुठे खेचायचं हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं. डोळे उभी-आडवी दिशा सांगतात. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि कुठे, किती वळलं याची वर्दी जाते. तिसरी बातमी येते ती तळपायाची कातडी, घोटे आणि स्नायूंकडून. जमीन कलती आहे, मऊ आहे, पाय सरकतोय, हे मेंदूला सगळ्यांत आधी तेच सांगतात.

यांतली एक बातमी बंद पडली तर उरलेल्या दोन सांभाळून घेतात. दोन बंद पडल्या की कठीण. रात्री लघवीला उठलेल्या म्हाताऱ्याचा विचार करा. दिवा लावलेला नाही, म्हणजे डोळे गेले. वीस वर्षांचा मधुमेह असेल तर तळपायाला मुंग्या आणि बधिरपणा, म्हणजे पाय गेले. आता भार सगळा कानावर, आणि ऐंशीतला कानही पहिल्यासारखा नसतो. शिवाय झोपेतून ताडकन उठल्याने रक्तदाब घसरतो. पडवीतून मागच्या दारी जाण्याची चार पावलं म्हणूनच घातक ठरतात. बिछान्याच्या कडेला मिनिटभर बसून, पाय दोन-चार वेळा हलवून मग उठायचं आणि वाटेत एक मिणमिणता दिवा जळता ठेवायचा, एवढ्याने बराच फरक पडतो.

बातमी पोचली की पुढचं काम स्नायूंचं. शरीराकडे तोल सावरायच्या तीन युक्त्या असतात. हलका धक्का असेल तर घोट्यातून सावरायचं. जरा मोठा असेल तर कमरेतून वाकून, ढुंगण मागे किंवा बाजूला काढून. त्यानेही भागलं नाही तर पाऊल टाकायचं, आणि झटकन टाकायचं. बांधावरची बाई या तिन्ही युक्त्या दिवसातून शेकडो वेळा वापरत होती. वयाबरोबर स्नायू कमी होतात, पण त्यातही झटक्यात जोर लावणारे तंतू आधी झिजतात. त्यामुळे बरीच म्हातारी माणसं सावकाश वजन उचलू शकतात, पण घसरल्यावर पाय वेळेवर पुढे पडत नाही. जोर असतो, तो वेळेत पोचत नाही. व्यायाम हवा तो याच उशिरासाठी.

‘जपून चाला’ हा सल्ला इथेच तोकडा पडतो. ओल्या अंगणात जपून चालायला हवंच, त्यात वाद नाही. पण एकदा पडलेला माणूस पुढे नुसतं जपतच राहतो. पावलं लहान होतात, पाय घासत चालतात, नजर जमिनीला खिळते, देवळात आणि बाजारात जाणं सुटतं. सहा महिन्यांत मांड्या बारीक होतात आणि पडण्याचा धोका आधीपेक्षा वाढतो. भीतीने पडणं वाढतं आणि पडण्याने भीती. घरातली प्रेमळ माणसं या चक्राला नकळत हात लावतात, हे मला स्पष्ट लिहावंसं वाटतं. आईच्या हातातला तांब्या काढून घेणारा मुलगा तिची सेवा करतो, पण तिचा व्यायामही काढून घेतो.

सुरुवात तपासणीने करावी. ओटीच्या खांबाजवळ किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहायचं, कुणीतरी शेजारी हवं, पायात काही नको. पहिल्यांदा दोन्ही पावलं जुळवून दहा सेकंद. मग एक पाऊल अर्धं पुढे सरकवून, म्हणजे त्याची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लागेल असं, दहा सेकंद. मग एका रेषेत, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवून, दहा सेकंद. शेवटी एका पायावर. तिसरी अवस्था, म्हणजे रेषेतली, दहा सेकंद टिकत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजतात. दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीवर बांधून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर मांड्यांचं बळ कमी पडतंय. आकडे वहीत लिहून ठेवावेत. काही महिन्यांनी पुन्हा पाहिले की हुरूप येतो.

आता व्यायाम. जागा अशी निवडा की पुढ्यात धरायला पक्कं काहीतरी असेल: ओटा, खिडकीचा गज, ओटीचा खांब. खांब असेल तर सोनंच. प्लॅस्टिकची खुर्ची धरू नये, ती माणसाबरोबरच कलंडते. मागे बसायला एक जड खुर्ची किंवा बाकडं भिंतीला टेकवून ठेवायचं.

पहिला प्रकार खुर्चीतून उठण्याचा. कडेला सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि उठायचं. बहुतेकांचं चुकतं ते इथे: पाठ ताठ ठेवून सरळ वर यायला बघतात, मग दोन्ही हातांनी खुर्ची रेटावी लागते. वाकलं की वजन आपोआप पावलांवर येतं. उठताना झटक्यात, बसताना मनात चारपर्यंत मोजत. धप्पकन बसलं तर निम्मा व्यायाम वाया गेला. आधी हाताने टेकून पाच वेळा, मग एका हाताने, मग हात न लावता दहा वेळा.

दुसरा टाचा उचलण्याचा आणि तिसरा चवडे उचलण्याचा. ओटा धरून टाचा वर, क्षणभर थांबून सावकाश खाली, दहा वेळा. मग टाचांवर भार ठेवून चवडे वर. हा दुसरा भाग लोक सोडून देतात, आणि उंबऱ्याला बोट अडकतं ते चवडा पुरेसा उचलला न गेल्यामुळेच. चौथा प्रकार पाय बाजूला उचलण्याचा. अंग सरळ ठेवून एक पाय बाहेर, बोटं पुढेच, दहा वेळा, मग दुसरा. खुब्याच्या बाजूचे स्नायू चालताना कमरेला आधार देतात. आडवं पडणं त्यांनी टळतं, आणि खुबा मोडतो तो बहुधा आडवं पडल्यावरच. हे प्रकार सोपे वाटू लागले की जाड कापडाच्या पिशवीत अर्धा किलो वाळू शिवून ती घोट्याला बांधावी.

यानंतर तोलाचं खरं काम. रेषेत उभं राहणं, मग फरशीच्या सांध्यावरून टाचेला बोटं लावत ओट्याच्या कडेने चालणं. ही बांधावरचीच चाल आहे, फक्त हाताशी ओटा असतो. मग त्याच कडेने बाजूला चालणं, मग उलटं मागे चालणं, मग चालताना मान डावी-उजवीकडे वळवणं. एका पायावर उभं राहणं रोज दात घासतानाही होतं. ते जमलं की हाताची पकड हलकी करत न्यायची: पूर्ण पंजा, मग चार बोटं, मग एक बोट, मग हात ओट्याच्या वर तरंगता.

थोडं डगमगायलाच हवं, आणि घरच्यांना पटवायला हेच सर्वांत अवघड जातं. मुळीच न हलता जमणारा व्यायाम तोलाला काही शिकवत नाही. घोटे थरथरले, कंबर वळली, हात ओट्याकडे गेला, तर व्यायाम बरोबर चाललाय. पडण्याइतकं अवघड करू नये आणि कंटाळा येण्याइतकं सोपंही राहू देऊ नये. शेवटी पाऊल टाकायचा सराव: कुणीतरी ‘डावा’, ‘उजवा’, ‘मागे’ म्हणायचं आणि त्या बाजूला चटकन एक पाऊल टाकून परत यायचं. नातवंडांना हे काम फार आवडतं.

एवढ्याने खरंच पडणं कमी होतं का? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात नव्वदच्या दशकात यावर काम झालं. घरच्या घरी आठवड्यातून तीनदा अर्धा तास बळाचे आणि तोलाचे व्यायाम आणि जोडीला चालणं, असा तो साधा कार्यक्रम होता. पहिली चाचणी ऐंशी आणि त्यापुढच्या बायकांवर झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्या चाचण्या मिळून पाहिल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. २०१९ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १०८ चाचण्यांमधल्या २३ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली गेली. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि तोलाच्या व्यायामाला बळाच्या व्यायामाची जोड दिली तिथे ३४ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असा खात्रीचा पुरावा मात्र त्या आढाव्यात सापडला नाही. ‘मी रोज स्टेशनपर्यंत चालून येतो’ म्हणणाऱ्या आजोबांना हे सांगायला हवं. चालणं हृदयाला आणि साखरेला चांगलंच, ते सोडू नये, पण सपाट डांबरी रस्ता तोलाची परीक्षा घेत नाही. आठवड्याला तीन तासांच्या आसपास तोलाला आव्हान देणारा व्यायाम असेल तर फायदा सर्वांत ठळक दिसतो. आणि सोडला की काही महिन्यांत फायदाही ओसरतो.

आपल्याकडे या वयासाठी व्यायामाची चांगली परंपरा पुण्यात घडली. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली सुरू केलेल्या रमामणी अय्यंगार संस्थेत खुर्ची, भिंत, दोर, लाकडी ठोकळे आणि पट्टे वापरून अडचणीतल्या शरीरांना आसनं शिकवली गेली. आधार घेणं म्हणजे कमीपणा, ही समजूत त्यांनी मोडली, आणि म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने ती मोठी गोष्ट होती. भिंतीला पाठ लावून केलेलं वृक्षासन सत्तरीतही जमण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातच आहे, आणि ती आपण घाईने घालवतो आहोत: जमिनीवर बसणं. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली दोन हजार माणसांची एक चाचणी प्रसिद्ध केली. हाताचा-गुडघ्याचा आधार न घेता जमिनीवर बसायचं आणि उठायचं. ज्यांना ते जमत नव्हतं त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. यातून मांडी घातल्याने आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही, पण मांड्या, खुबे, घोटे आणि तोल या सगळ्यांची एकत्र परीक्षा त्या एका उठण्यात होते. गुडघे साथ देत असतील तर दिवसातून दोन-तीनदा खाली बसून उठण्याची सवय टिकवावी, वाल सोलायला असो की पोथी ऐकायला. गुडघे साथ देत नसतील तर आधी डॉक्टरला विचारावं, हट्ट करू नये. गौरी-गणपतीत बायका फेर धरतात त्यातही बाजूला पाऊल, मागे पाऊल, वळणं सगळं येतं. सासूबाईंना कौतुकाने खुर्ची देऊन बाजूला बसवण्यापेक्षा त्यांचा हात धरून फेरात घ्यावं, असं माझं मत.

व्यायाम कधी सुरू करावा? परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच अंगणातले चिरे हिरवे होऊ लागतात. तेव्हा शिमगा झाला की सुरुवात करावी, म्हणजे मृगापर्यंत पाय तयार होतात. पाऊस लागल्यावर विहिरीची, तुळशीभोवतीची आणि मागच्या दाराची वाट खराट्याने घासून ब्लीचिंग पावडर टाकत राहावं. हवाई चपलांचे तळ गुळगुळीत झाले असतील तर त्या फेकाव्यात. म्हातारी माणसं चप्पल पट्टा तुटेपर्यंत वापरतात, पण तळ त्याच्या फार आधी मेलेला असतो.

घरातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मोरीत आणि संडासात भिंतीला पक्का दांडा बसवावा. टॉवेल अडकवायचा दांडा वजन पेलत नाही. मोतीबिंदू पिकायची वाट बघू नये. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर झालेल्या बायका कमी पडतात हे चाचणीत दिसलं आहे. दोन भिंगांचा चष्मा असेल तर खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते, म्हणून एसटीतून उतरताना मान खाली घालून वरच्या भिंगातून पाहावं. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या यांचा तोलावर परिणाम होतो. स्वतःहून बंद करू नयेत, पण सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरपुढे ओतावीत आणि विचारावं. कूस बदलताना जग गरगरत असेल तर बहुधा कानातले कॅल्शियमचे बारीक कण नळीत सरकलेले असतात. डॉक्टर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते जागेवर आणू शकतात.

काठी घेतली तर तिची मूठ हात खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी यावी. गुडघा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बुडाचं रबरी बूच झिजलं की बदलावं, ते मेडिकलच्या दुकानात मिळतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या माणसांना अशा साधनांसाठी ३ हजार रुपये खात्यावर मिळतात.

एवढं करूनही माणूस पडू शकतो, म्हणून उठण्याचाही सराव करून ठेवावा, घरात सगळे असताना, गोधडीवर. पडल्यावर लगेच उठायची धडपड करू नये. श्वास येऊ द्यावा, कुठे दुखतं ते पाहावं. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर. रांगत पलंगापर्यंत किंवा बाकड्यापर्यंत जायचं. हात त्यावर टेकायचे, चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवायचं, रेटून वर यायचं आणि वळून बसायचं. उठता येत नसेल तर तासन्‌तास गार फरशीवर पडून राहणं हे मोडलेल्या हाडाइतकंच वाईट असतं. म्हणून एकट्या माणसाने मोबाइल कमरेला किंवा गळ्यातल्या पिशवीत ठेवावा, देव्हाऱ्याच्या फळीवर नाही.

खुब्यात किंवा जांघेत जबर कळ येत असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेर वळलेलं असेल, तर हाड मोडलं असं धरून चालावं. अशा वेळी दोघांनी बगलेत हात घालून उभं करायची आणि ‘चालून बघ’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, ती करू नये. तेल चोळू नये, चहा-पाणी देऊ नये कारण ऑपरेशन लागू शकतं. आहे तिथेच उबदार पांघरूण घालावं, पाय उशीने आहे त्या स्थितीत टेकवून ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत घरातल्या एकाने चालू गोळ्यांची पाकिटं आणि आधारकार्ड पिशवीत भरावं, आणि दुसऱ्याने रस्त्याच्या फाट्यावर जाऊन उभं राहावं.